‘स्थलांतर’, ‘स्थानांतरण’ आणि ‘मुख्यालय’ : ठरावात कोणता शब्द लिहावा?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा) :

शेती आणि खनिजांशी संबंध असलेली केंद्र सरकारची कार्यालये दिल्लीत न ठेवता, जेथे ते काम प्रत्यक्ष चालते तेथे आणावीत, अशा मागणीचा ग्रामसभेचा ठराव लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मसुद्यात एका गुरुजींनी ‘कार्यालयांचे स्थानांतरण’ असे लिहिले, दुसऱ्यांनी ते खोडून ‘स्थलांतर’ केले, आणि एका ज्येष्ठांचे म्हणणे असे पडले की स्थलांतर मजुरांचे होते, कार्यालयाचे नव्हे. ‘विकेंद्रीकरण’ हा शब्द घालावा की नाही, यावरही एकमत झाले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (चंद्रपूर जिल्हा) :

‘स्थानांतरण’ हा शब्द संस्कृत घडणीचा असला तरी आपल्याकडे तो हिंदी वृत्तपत्रांतून आला आहे आणि हिंदीत त्याचा रूढ अर्थ कर्मचाऱ्याची बदली असा आहे. मराठीत माणसाची ‘बदली’ होते आणि कार्यालय ‘स्थलांतरित’ होते. हा भेद मराठीने नीट सांभाळलेला आहे, तो पुसू नये. ‘स्थलांतर’ याचा मूळ अर्थ ‘दुसरे स्थळ’ एवढाच. ‘देशांतर’ म्हणजे दुसरा देश, तसाच. तेथे जाण्याची क्रिया हा अर्थ त्याला नंतर चिकटला. त्यामुळे तो शब्द केवळ मजुरांचा आहे असे म्हणता येणार नाही, पण ज्येष्ठांच्या शंकेत तथ्य आहे. मिरची तोडायला तेलंगणात जाणारी माणसे स्वतः स्थलांतर करतात, तर कार्यालय दुसऱ्या कोणीतरी हलवलेले असते. म्हणून ‘कार्यालये स्थलांतरित करावीत’ अशी रचना केली की कर्ता कोण, हे स्पष्ट राहते.

माझ्या मते ठरावातला खरा अडचणीचा शब्द ‘मुख्यालय’ हा आहे. दिल्लीच्या कागदात मुख्यालय म्हणजे संस्थेचे प्रमुख कार्यालय, जेथे निर्णय होतात. आपल्या गावात मात्र ‘तलाठी मुख्यालयी राहत नाहीत’ असे आपण म्हणतो, तेव्हा मुख्यालय म्हणजे नेमणुकीचे गाव, आणि तक्रार असते ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोज अपडाऊन करण्याबद्दल. हे दोन्ही अर्थ एकाच मागणीत लागतात, कारण पाटी हलवली म्हणजे माणसे हलतातच असे नाही. अमेरिकेत सरकारी जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याचे मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडो राज्यातील ग्रँड जंक्शन येथे नेण्याचे 2019 मध्ये ठरले. राजधानीबाहेर हलवलेल्या 328 पदांपैकी केवळ 41 जणांनी नव्या ठिकाणी जाणे स्वीकारले, बाकीचे निवृत्त झाले किंवा त्यांनी दुसरी नोकरी धरली, आणि 2021 मध्ये मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला आणण्याचा निर्णय झाला. हे कार्यालयाचे स्थलांतर होते, पण अनुभवी माणसे त्याच्याबरोबर गेली नाहीत.

याउलट रुजलेले उदाहरण आपल्याजवळच आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूरला सुरू झाले आणि 1957 मध्ये नागपूरला आणले गेले. ते आजही तेथेच आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही नागपुरातच आहे आणि ते कामाच्या दृष्टीने योग्य आहे, कारण मँगनीजच्या खाणी तेथून एका दिवसात पाहून परत येता येते.

‘विकेंद्रीकरण’ मात्र जपून वापरावे. कार्यालय नागपूरला आले आणि प्रत्येक धारिका सहीसाठी दिल्लीला जात राहिली, तर त्याला विकेंद्रीकरण म्हणता येत नाही. हा शब्द तुमच्या यवतमाळ जिल्ह्याला परका नाही : पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक ज्या समितीचे अध्यक्ष होते तिचे नावच ‘लोकशाही विकेंद्रीकरण समिती’ होते, आणि तिच्या शिफारशींवरून 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. तेथे अधिकार खाली आले, केवळ टेबल-खुर्च्या नव्हेत.

पुरवणी (अमरावती जिल्हा) :

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आपल्या बोलीतले ‘उठणे’ हे क्रियापदही नोंदवावेसे वाटते. ‘हापिस उठलं’, ‘बाजार उठला’, ‘धरणात गाव उठलं’ असे आपण म्हणतो, आणि त्यात जेथून गेले तेथील रिकामेपण असते, जे ‘स्थलांतर’ या शब्दात येत नाही. उठून गेलेल्या गावासाठी महसुली कागदात ‘बेचिराग’ असा शब्द आहे, म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. 1956 मध्ये नागपूरचे राजधानीपण गेले, तेव्हा येथूनही कचेऱ्या उठल्या होत्या, हे ठराव लिहिताना ध्यानात असावे. दिल्लीतल्या कर्मचाऱ्यांची घरेही उठणार आहेत, म्हणून त्यांच्या निवासाची आणि मुलांच्या शाळांची मागणी त्याच ठरावात असावी.

प्रश्नकर्ता :

आपणा दोघांचे आभार. आता वाक्य असे केले आहे : ‘सदर कार्यालयांची मुख्यालये निर्णयाच्या अधिकारांसह विदर्भात स्थलांतरित करावीत, आणि तेथे नेमलेल्या कर्मचाऱ्यांना मुख्यालयी राहता येईल अशी निवासाची व शिक्षणाची सोय करावी.’ ‘विकेंद्रीकरण’ काढून टाकले आहे.