मदत हवी आहे : कारेलीबागेतली चार दारांची जुनी स्टँडर्ड गाडी. मॉडेल हेराल्ड की गॅझेल, आणि किंमत काय धरावी?

नमस्कार मंडळी,

गाड्यांतलं मला फारसं कळत नाही, काही बावळट विचारलं तर सांभाळून घ्या. बडोद्याला कारेलीबागेत आमचं जुनं घर आहे. बाबा गेल्या वर्षी गेले, आता घर रिकामं करायचंय. बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये नानांची, म्हणजे आजोबांची, स्टँडर्ड उभी आहे. १९९६ नंतर ती कोणी चालू केलेली नाही.

आरसी बुक सापडलं. कंपनी 'स्टँडर्ड', नोंदणी १९७०, मालक अजून नानाच. मॉडेलच्या जागी शाई इतकी पसरलीय की भिंग लावूनही वाचता येत नाही. गाडीवरही नाव नाही, डिकीवर नुसती दोन भोकं उरलीत. बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उघडतं. लहानपणी ते उघडलं की आम्ही भावंडं पुढच्या चाकांवर चढून बसायचो, आणि नाना रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता ओरडायचे.

आधी भंगारवाला आला, त्याने किलोवर भाव सांगितला. मग ओळखीतून अहमदाबादचे एक दलाल आले. पाच मिनिटं बघून म्हणाले, "बेन, आ तो गॅझेल छे, एनी कोई डिमांड नथी." आणि लगेच एक लाख दहा हजार देऊ केले, ट्रक उद्याच पाठवतो म्हणाले. डिमांड नाही तर उद्याच ट्रक कशाला? माझ्या मनात पाल चुकचुकली. पुण्याचा भाऊ दुसऱ्या टोकाला. त्याचं म्हणणं, चार दारांची हेराल्ड फक्त भारतात झाली, म्हणजे जगात दुर्मिळ, पंधरा लाखांच्या खाली बोलूच नकोस. आई म्हणते, दोघांनाही चहा पाजून वाटेला लाव.

दोन गोष्टी लपवत नाही. इंजिनावरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून पाहिला, तो आरसीशी जुळत नाही. चासीचा जुळतो. शिवाय २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शेडमध्ये शिरलं होतं, अर्ध्या चाकापर्यंत.

तर गाडी कुठली, खरंच दुर्मिळ आहे का, आणि भाव सांगायचा तरी कशाच्या आधारावर?

– वाडीवाली


बारा_तेराचा_पाना :

ताई, साल १९७० असेल तर दलाल चुकले, किंवा मुद्दाम चुकले. गॅझेल आली ती १९७१-७२च्या सुमाराला. तुमची हेराल्ड मार्क थ्री, म्हणजे हेराल्डची तिसरी आवृत्ती. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून हेराल्ड होत होती, मार्क थ्री १९६८ची, चार दारं त्यानंतरची. भावाचं तेवढं बरोबर आहे, हेराल्ड मुळात इंग्लंडातल्या ट्रायम्फ कंपनीची, पण तिने चार दारांची काढलीच नाही.

खात्री करायची तर मागून जॅक लावून गाडी उचला. दोन्ही चाकं खालून आत वळली, फेंगड्या पायांसारखी, तर हेराल्डचा स्विंग ॲक्सल, म्हणजे मधून दुमडणारा, ज्यात प्रत्येक चाक वेगळं वरखाली होतं. ताठ राहिली तर कोणीतरी गॅझेलचा ॲक्सल बसवलाय. आपल्याकडच्या मिस्त्रींना तो स्विंग ॲक्सल कधी आवडला नाही, म्हणून गॅझेलला सरळ ॲक्सल दिला. इंजिन मात्र दोघींना तेच, ९४८ सीसी. त्यामुळे एकीचं दुसरीत सहज बसतं. तुमचा नंबर का जुळत नाही याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

जॅक लावताना चासीपासून दोन्ही बाजूंना निघालेल्या आडव्या लोखंडी हातांना लावू नका. हेराल्ड गंजते ती तिथेच, आणि तुमच्याकडे तर पूर येऊन गेलाय. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर पंधरा लाख विसरा.


रावपुरेकर :

दुर्मिळ आणि किमती यात गल्लत होतेय. किंमत मागणीवर ठरते. २०२३च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मी विलास राजवाड्यावर जुन्या गाड्यांचा मोठा कॉनकोर्स, म्हणजे प्रदर्शन-स्पर्धा, झाला, गर्दी सगळी संस्थानी रोल्स आणि बेंटल्यांभोवती. आपल्यासारख्यांच्या खिशातला शौक म्हणाल तर 'डुक्कर' म्हणतात ती जुनी फियाट, फारतर अँबॅसडरच्या आधीची लँडमास्टर. त्या लोकांना आठवतात आणि मिस्त्रींना येतात. हेराल्डवर जीव असणारी माणसं कमी, पण ती हट्टी असतात. तशी दोन सापडली तर भाव चढतो, एकच सापडलं तर तो म्हणेल तो भाव.

दुर्मिळपणाची उलटी बाजू सांगतो. इंजिनाचे, ब्रेकचे भाग इंग्लंडहून आजही मागवता येतात, कारण तिथे हेराल्ड पाळणारे पुष्कळ आहेत. पण तुमची मागची दारं तिकडे कधी झालीच नाहीत. त्यातलं एक सडलं तर पत्रा ठोकूनच करावं लागेल. म्हणून घेणारा आधी मागची दारं बघेल, मग बाकीचं.

जाहिरातीतल्या किमतींवर जाऊ नका, तो मागितलेला आकडा असतो. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांना विचारा की अशी गाडी शेवटची कितीला गेली. आणि कृपा करून विकण्याआधी रंग मारू नका! धूळ पुसा, फोटो काढा, बस.


फाइलवाला :

कागद आधी. नानांच्या नावावरून कोणीही चांगला भाव देणार नाही. मृत्यूनंतर गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, बाकीच्या वारसांची संमती जोडा. २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेजमध्ये जाते, म्हणजे तुमची बसते. नव्याने नोंदवायची तर फी २०,००० आणि व्हीए मालिकेचा नंबर, पण आधीची नोंद असेल तर जुना नंबर राहतो. तो काळ्या पाटीवरचा नंबर सोडू नका, हौशी माणूस त्याचेही पैसे मोजतो. रोज भाजी आणायला मात्र ही गाडी नेता येणार नाही, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्तीपुरतीच. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही, तेव्हा इंजिन कधी बदललं याचा कागद शोधा.


वाडीवाली :

सगळ्यांचे मनापासून आभार! शेजारच्या गॅरेजवाल्याला बोलावून जॅक लावला. चाकं आत वळली, अगदी फेंगडी. डाव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर गेला नाही, उजवीकडे मागच्या चाकापुढे गेला, बोटभर.

आणि डॅशबोर्डच्या खणात, नानांच्या चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेलं बिल सापडलं. १९८४. 'जुनं इंजिन, गॅझेल, फिटिंगसह.' म्हणजे दलाल एका अर्थी तेवढ्यापुरते खरे निघाले! ट्रक नको म्हणून त्यांना कळवलं. पाच मिनिटांत त्यांचाच उलट फोन, एक लाख साठ. भाऊ आता बारा लाखांवर आलाय.

फॉर्म ३१ साठी आत्याची संमती हवी. ती तयार आहे, पण तिला आधी मागच्या सीटवर बसून फोटो काढायचाय. डावीकडचं मागचं दार आतून अडकलंय, हँडल नुसतं फिरतं. पत्र्याला धक्का न लावता कसं उघडावं?