केमोनंतरच्या 'सेकंड लुक'ला मराठीत काय म्हणावं?

महालकर: मामीला अंडाशयाचा कॅन्सर. केमो संपली, रक्तातला सीए-१२५ (या कॅन्सरमध्ये वाढणारं प्रथिन) पस्तीसच्या खाली, म्हणजे नॉर्मल आला, सीटीतही काही नाही. आता डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून 'सेकंड लुक' घेऊ. मामी उमरेडची, तिला कोणत्या शब्दात सांगू? 'फेरतपासणी' चालेल?

सक्करदरा: नको ताई. दहावीच्या पेपरांपासून फेरतपासणी म्हटलं की आधीचं काहीतरी चुकलं असंच वाटतं. इथे चुकलेलं काही नाही. हा कॅन्सर पोटाच्या अस्तरावर, आतड्यांवर, चरबीच्या पदरावर, श्वासपटलाच्या खालच्या बाजूला बारीक दाण्यांसारखा पसरतो. काही मिलिमीटरचा दाणा सीटीत सुटू शकतो, सीए-१२५ नॉर्मल असतानाही असू शकतो. म्हणून डोळ्यांनी बघायचं, जागोजागचे तुकडे घ्यायचे, पोटात सलाईन फिरवून ते पाणी तपासायला पाठवायचं. मी 'शिल्लक पाहणी' म्हणेन.

मानेवाडा रोड: शिल्लक पटलं. 'अवशिष्ट रोग' पुस्तकातच राहतो आणि 'उरलासुरला' म्हटलं की किरकोळ वाटतं. माझी अडचण 'दुर्बिणी'ची आहे. मी कॅन्सर वॉर्डात पेशंटचे फॉर्म भरून देते. छिंदवाडा, यवतमाळकडच्या बाया दुर्बीण म्हणजे तोंडातून नळी असंच धरतात. एक आजी तर घसा दुखतो म्हणून सहीच करेनात. मग त्यांच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं: बेंबीजवळ एक छिद्र, बाजूला एकदोन, पोटात गॅस भरून आत बघणार, भूल पूर्ण.

महालकर: म्हणजे ऑपरेशनच की!

मानेवाडा रोड: हो जी, ऑपरेशनच म्हणा, लपवू नका. आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतील तर इजा होऊ शकते, कधी पोट उघडावंही लागतं. शिवाय हे सरसकट करत नाहीत. याने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालं नाही, म्हणून नेहमीच्या उपचारातून ते मागे पडलं. 'निकालाने पुढचा उपचार काय बदलेल?' हे डॉक्टरांना विचाराच.

सक्करदरा: निकाल चांगला आला तरी 'कॅन्सर गेला' म्हणू नका, 'सापडला नाही' म्हणा. तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या ज्या बायकांत काही सापडत नाही, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना तो पुढे परत होतो. मामीला हे आधीच कळलेलं बरं.

महालकर: 'पोटाला छिद्रं पाडून शिल्लक पाहायचं ऑपरेशन' असं सांगते. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न फाइलवरच लिहून ठेवला.