बायपोलर आहे हे मुलाखतीतच सांगणाऱ्याला घ्यावं की नाही?

हिंगणा एमआयडीसी, एचआर:
आमचं चाळीसेक लोकांचं युनिट. अकाउंटंट हवा आहे. आलेल्यांत एकाचं काम सगळ्यांत चोख. न जुळणारं बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आमच्या वहीचा बँकेच्या नोंदींशी मेळ, त्यानं समोर बसून लावून दिलं. मग स्वतःच म्हणाला, "मॅडम, मला बायपोलर आहे, लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. रात्री थांबवू नका, अधूनमधून रक्त तपासायला अर्धा दिवस द्या." मालक नको म्हणतात. मला वाटतं, यालाच घ्यावं. बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादात, कधी नैराश्यात जाण्याचा आजार; झोप मोडली की त्यात उन्मादाचा झटका येऊ शकतो. तो सवलत मागत नाहीये, आजार आटोक्यात कसा राहतो ते सांगतोय.

बुटीबोरीचा कारखानदार:
ताई, माझा विरोध. जीएसटीचे दर महिन्याचे दोन रिटर्न: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी. छोट्या युनिटात अकाउंटंट एकच. तो महिनाभर अ‍ॅडमिट झाला तर लेट फी कोण भरणार? उन्मादात माणूस पैसे उधळतो म्हणतात, आणि तुम्ही त्याच्याच हाती बँकेचा पासवर्ड देणार?

हिंगणा एमआयडीसी, एचआर:
भाऊ, पेमेंट एकानं टाकायचं, मंजुरी दुसऱ्यानं द्यायची. अकाउंटंट कोणीही असो, एकट्याच्या हाती पासवर्ड असूच नये.

मनीषनगर:
मलाही बायपोलर आहे, पण मी लपवलं होतं. इथं नागपुरातच मिहानमधल्या एका कंपनीत रात्रपाळी घेतली, झोप गेली, थेट दवाखान्यात. नोकरीही गेली. हा मुलगा आधीच सांगतोय आणि त्याचीच शिक्षा त्याला मिळतेय. असं केलं तर पुढचा कोण तोंड उघडेल? तरी मी त्याला सांगेन, ऑफर लेटर हातात पडेपर्यंत गप्प राहा.

सिव्हिल लाइन्स, वकील:
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. पण ४ टक्के आरक्षण सरकारी नोकरीत. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, मानसिक आजार वगैरे सगळ्यांत मिळून, तोही किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर. औषधांवर नीट चालणाऱ्याला तेवढे टक्के मिळणंच अवघड. म्हणजे खासगी मालकानं दार लावलं की याच्यासारख्याला जागाच उरत नाही. मात्र समान संधी धोरण खासगी आस्थापनेलाही जाहीर करावं लागतं, आणि २० किंवा जास्त कर्मचारी असले की ते जास्त सविस्तर. तुमच्याकडे केलंय का?

हिंगणा एमआयडीसी, एचआर:
नाही केलं. मालकांसमोर तेही ठेवते.

बुटीबोरीचा कारखानदार:
धोरणानं माझा रिटर्न भरला जात नाही, वकीलसाहेब. फार तर प्रोबेशनवर घ्या, आणि घरच्यांचा नंबर आधी लिहून घ्या.

हिंगणा एमआयडीसी, एचआर:
प्रोबेशन सगळ्यांना सहा महिने, त्यालाही तेवढंच. आजाराबद्दल घरी कोणाला फोन करायचा ते तो ठरवेल. आणि खंड पडलाच तर? मागची अकाउंटंट बाळंतपणाला गेली तेव्हा सीएच्या ऑफिसातला मुलगा येऊन रिटर्न भरत होता. एकही तारीख चुकली नाही.

बुटीबोरीचा कारखानदार:
बाळंतपणाची तारीख आधी कळते, ताई. याची कळत नाही. माझी अडचण तिथंच आहे.

मनीषनगर:
भाऊ, बहुतेकदा चाहूल लागते. मला तर दोन-तीन रात्री झोप उडाली की कळतं. पण तेव्हा साहेबाला सांगायची सोय पाहिजे, आणि ती या मुलानं पहिल्याच भेटीत मागितली आहे.