मदत हवी आहे : ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या कलमाबाबत

सप्रेम नमस्कार. लेखनावरच चरितार्थ चालवणाऱ्या सभासदांकडून मला एका कराराविषयी मार्गदर्शन हवे आहे.

एका प्रकाशनसंस्थेने लेखमालेसाठी पाठवलेल्या मसुद्यानुसार लेखांचे सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील आणि ‘भविष्यात निर्माण होणाऱ्या’ तंत्रांतीलही हक्क कायमचे संस्थेकडे जातात. मानधन मात्र एकरकमी असून तेही लेख स्वीकारल्यावर नव्हे, तर प्रसिद्ध झाल्यावर मिळणार आहे. म्हणजे स्वीकारलेला लेख वर्षभर तसाच पडून राहिला, तर पैसेही नाहीत आणि तो अन्यत्र देण्याची मुभाही नाही. मानधनाच्या आकड्यापेक्षा मला हेच अधिक जाचक वाटते. (संपादक सज्जन आहेत, पण सही व्हायची ती मसुद्यावर, सज्जनपणावर नव्हे.)

साहित्य-कलाकृतींच्या संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातील 1908 च्या सुधारणेपासून सदस्य देशांत स्वामित्वहक्कासाठी नोंदणीची अट नाही आणि 1928 च्या सुधारणेने श्रेयनामाच्या हक्काला आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र मान्यता दिली, हे मी वाचले आहे. परंतु सर्व आर्थिक हक्क लिहून दिल्यावर त्याचा व्यवहारात कितपत आधार मिळतो?

हक्क विकण्याऐवजी ठरावीक मुदतीचा परवाना द्यावा, पुस्तकरूपाचे हक्क राखून ठेवावेत आणि लेख न छापल्यास अंशतः मानधनासह तो परत मिळावा, अशा तीन दुरुस्त्या मी सुचवणार आहे. तिन्ही मान्य होतील असे दिसत नाही. यांपैकी कोणती आधी मागावी, आणि ती फोनवर बोलावी की थेट मसुद्यात दुरुस्ती करून पाठवावी?