फ्रेमॉन्टचं घर, लातूरचं रान आणि 20 टक्के टीसीएस (मंगळवारच्या आत उत्तर हवंय)

प्रेषक: औसेकर, फ्रेमॉन्ट

मंडळी,

मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑफर द्यायची आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. घर तेच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ज्याचा विषय निघाला होता. तीन बेडरूम, इथेच कॅलिफोर्नियात, फ्रेमॉन्टच्या मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीत, 18 लाख डॉलर. 20 टक्के डाउन पेमेंट म्हणजे 3 लाख 60 हजार. आमच्या दोघांचे मिळून अडीच लाख होतात. उरलेले 1 लाख 10 हजार बाबा देतो म्हणालेत. लातूरजवळचं अडीच एकर रान विकायचं त्यांनी ठरवलंय. एकरी 60 लाखांनी बोलणी झालीय, म्हणजे दीड कोटी. त्यातले 1 कोटी इकडे पाठवायचे.

बँकेतल्या साहेबांनी बाबांना सांगितलं की 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवतानाच बँक वसूल करते ती रक्कम) लागेल. म्हणजे 1 कोटी पाठवायला 18 लाख जास्तीचे भरायचे. हे 18 लाख बुडाले समजायचे का? आई म्हणते अर्धे माझ्या नावाने पाठवा. हे कुणी नुकतंच केलंय का? परळीकर ताई, तुम्ही वाचत असाल तर प्लीज.

---

प्रेषक: उदगीरकर, फ्रेमॉन्ट

औसेकर, घे. आम्ही 1997 ला घेतलं तेव्हाही सगळे म्हणत होते की महाग आहे, थांब. 1978 च्या प्रॉपोझिशन 13 मुळे कराची आकारणी घेतलेल्या किमतीवर बसते आणि वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढत नाही. माझ्या शेजारी तसंच घर परवा एका जोडप्याने घेतलं, ते माझ्या कितीतरी पट कर भरतात. जितका उशीर करशील तितका तुझा आकडा वर बसेल. टीसीएसचं मला कळत नाही, ते ताई सांगतील.

---

प्रेषक: माजलगावकर, ट्रेसी

18 लाख डॉलरमध्ये आमच्याकडे मोठं घर येईल आणि वर पैसे उरतील. बाबांना रान विकायची गरजच पडणार नाही. एसीई ट्रेनने थेट फ्रेमॉन्टला उतरता येतं. मराठी मंडळाचे निम्मे कार्यक्रम तिकडेच ठेवले जातात म्हणून सगळ्यांना वाटतं अल्टामाँट पासच्या पलीकडे कुणी मराठी राहतच नाही. आम्ही 22 कुटुंबं आहोत.

---

प्रेषक: उदगीरकर, फ्रेमॉन्ट

माजलगावकर, एसीई सकाळी इकडे येते आणि संध्याकाळी तिकडे जाते. मधेच पोराच्या शाळेतून फोन आला तर माणूस अडकला. शिवाय नव्या वसाहतींत मेलो-रूस (रस्ते-शाळांसारख्या सोयींसाठीचा जादा कर) लागतो, तो धरून हिशोब सांगा. कार्यक्रमाच्या हॉलचं म्हणाल तर मागच्या सभेत ठराव झालाय. पुन्हा तोच विषय नको.

---

प्रेषक: अंबाजोगाईकर, सनीवेल

औसेकर दादा, आम्ही दोघं गेले आठ महिने याच हिशोबात आहोत, म्हणून लिहिते. 14 लाख 40 हजारांचं कर्ज, आम्हाला साडेसहा टक्के सांगितले होते. 30 वर्षांसाठी महिना 9,100 डॉलर येतात. प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा धरला की अकरा हजारांच्या आसपास. आमचं भाडं 3,900 आहे.

आम्ही थांबलो ते पैशापेक्षा एच-1बी व्हिसामुळे. नोकरी गेली तर देशात राहायला 60 दिवस मिळतात. त्यात दुसरी शोधायची की घर विकायचं? माझ्या ऑफिसात एका जोडप्यावर ही वेळ आली. त्यांचं विमानाचं तिकीट आणि घराची पाटी एकाच आठवड्यात लागली. तुमचं आय-140 (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) झालंय हे माहीत आहे, पण ग्रीन कार्ड हातात नाही ना? मी घेऊ नका म्हणत नाही. निदान वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवून मग डाउन पेमेंट मोजा. तसं मोजलं तर तुमचे अडीच लाख अडीच लाख राहत नाहीत.

---

प्रेषक: परळीकर, प्लेझंटन

काल हॉस्पिटलची पाळी होती, आत्ता वाचलं. सविस्तर लिहिते, नाहीतर अर्धवट माहितीवर ऑफर जाईल.

टीसीएस हा वेगळा कर नाही. बाबांच्या पॅनवर तो आगाऊ जमा होतो. रिटर्न भरताना त्यांच्या करातून वळता होतो, उरला तर परत मिळतो. म्हणजे 18 लाख बुडत नाहीत, काही महिने अडकतात. पैसे कुणाच्या नावाने पाठवायचे हे यावरच ठरतं, आणि आईंच्या बाबतीत तुझी गल्लत होतेय.

रान विकल्यावर कर लागणार की नाही, हे आधी बघ. ग्रामीण शेतजमिनीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण महापालिकेच्या हद्दीपासून किती अंतर, त्यावर 'ग्रामीण' ठरतं. लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख असेल तर 2 किलोमीटर, 1 लाख ते 10 लाख असेल तर 6, त्याच्या वर 8. 2011 च्या जनगणनेत लातूर पावणेचार लाखांच्या वर आहे, म्हणजे 6 किलोमीटर. हे अंतर हवाई मोजायचं, रस्त्याने नाही.

समजा रान 6 किलोमीटरच्या आत आहे. 2001 ची किंमत अडीच एकराची 5 लाख धरली तर नफा 1 कोटी 45 लाख. साडेबारा टक्के, त्यावर सरचार्ज आणि सेस, मिळून साडेएकवीस लाखांच्या थोडं वर. विकत घेणारा 1 टक्का, म्हणजे दीड लाख, टीडीएस कापेल. वर टीसीएसचे 18 लाख. झाले साडेएकोणीस. बाबांना शेवटी दोन-सव्वादोन लाखच भरायचे राहतात. या परिस्थितीत आईंच्या नावाने अर्धे पाठवलेस तर एकूण टीसीएस 16 लाख होतो, पण त्यातले 8 लाख आईंच्या पॅनवर जातात. त्यांना कर नाही, म्हणून ते परताव्याची वाट बघत बसतात आणि बाबांना मात्र तेवढा कर खिशातून भरावा लागतो. तेव्हा बाबांनी एकट्यानेच पाठवावेत, आणि विक्री झाली त्याच आर्थिक वर्षात पाठवावेत. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, त्यात तुझी रक्कम आरामात बसते.

रान 6 किलोमीटरच्या बाहेर असेल तर सगळं उलटं. कर शून्य, म्हणजे टीसीएस पूर्ण अडकतो. मग आई आणि बाबा, 31 मार्चच्या आधी आणि 1 एप्रिलच्या नंतर, असे चार भाग करा. चार वेळा 10 लाखांची सूट मिळून 60 लाखांवर 20 टक्के, म्हणजे 12 लाख अडकतील.

म्हणून आज रात्री बाबांना एकच विचार: गट नंबर काय आणि हद्दीपासून सरळ रेषेत किती?

---

प्रेषक: जालनेकर (मंडळाच्या ई-मेल यादीची व्यवस्था)

सर्वांना विनंती, विषयाच्या ओळीत बदल करू नका, जुनी उत्तरं शोधायला त्रास होतो. घरविक्रीच्या व्यवसायातल्या सभासदांनी या धाग्यात आपले फोन नंबर टाकू नयेत. दोन मेल मी थांबवून ठेवल्या आहेत.

---

प्रेषक: हिंगोलीकर, डब्लिन

ताई, एक राहिलं. जमीन विकून आलेले पैसे घरात घातले तर कर माफ होतो ना? माझ्या चुलत्यांनी तसंच केलं होतं.

---

प्रेषक: परळीकर, प्लेझंटन

चुलत्यांनी घर कुठे घेतलं? ती सवलत भारतातल्या घरालाच आहे, आणि घर विकणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर लागतं. फ्रेमॉन्टच्या घराला ती लागत नाही. कृपया औसेकरांना हे सुचवू नका, त्यांच्याकडे तीनच दिवस आहेत.

---

प्रेषक: नांदेडकर, मिलपिटास

औसेकर, टीसीएसचा गुंता सुटेल. मला दुसरंच लिहायचं आहे.

मी 2019 ला हेच केलं. वडिलांनी स्वतःहून रान विकलं, मी मागितलं नव्हतं. पैसे आले, घर झालं, आज आम्ही त्यात राहतोय. दुसऱ्या वर्षी नांदेडला गेलो तर रात्री दोनच्या सुमाराला वडील अंगणात उभे. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला ते त्याच वेळेला उठायचे. मोटार विकली होती, विहीर दुसऱ्याची झाली होती. सकाळी त्यांचा सदरा धुवायला टाकताना खिशात स्टार्टरच्या पेटीची किल्ली सापडली. मी ती परत खिशात ठेवली. आजही ती तिथेच असते.

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. पण बाबा 'हो' म्हणाले एवढ्यावर थांबू नकोस. ते दिवसभर काय करणार हे त्यांना विचार. अडीचातलं एक एकर ठेवता येतं का, तेही बघ. अंबाजोगाईकर थांबल्यात तसा तूही थांबून वर्षभराने घेतलंस तर एक एकरसुद्धा विकावं लागणार नाही कदाचित.

---

प्रेषक: उदगीरकर, फ्रेमॉन्ट

नांदेडकर, मन भरून आलं. पण वर्षभराने हेच घर याच किमतीला असेल कशावरून? आणि रान कोण करणार आहे? पोरगं इथे, सालगडी मिळत नाही.

---

प्रेषक: परळीकर, प्लेझंटन

रानाचा निर्णय त्या घरातल्यांचा. मी कागदांचं सांगते, कारण माझ्या नणंदेचं कर्ज ऐनवेळी याच कारणाने अडकलं होतं.

इथला अंडररायटर (कर्ज देण्याआधी कागद तपासणारा) मागच्या दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं बघतो आणि कुठलीही मोठी जमा दिसली की ती कुठून आली विचारतो. बाबांचं गिफ्ट लेटर लागेल: नातं, रक्कम, आणि परतफेडीची अपेक्षा नाही हे स्पष्ट शब्दांत. बाबांच्या पासबुकात जमिनीचे पैसे जमा झालेले दिसले पाहिजेत, आणि तेच पैसे तुझ्या खात्यात आलेले. मधे काकांच्या किंवा मित्राच्या खात्यातून फिरवू नका. खरेदीखत मराठीत असणार, त्याचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करायला टाक. नणंदेच्या वेळी 'गट', 'आर' आणि 'चतुःसीमा' हे काय, यावरच नऊ दिवस गेले. तुझा एस्क्रो (ऑफर मान्य झाल्यापासून व्यवहार पुरा करायची मुदत) 30 दिवसांचाच आहे.

परदेशातल्या आईवडिलांकडून एका वर्षात 1 लाख डॉलरच्या वर भेट आली तर पुढच्या एप्रिलमध्ये इथल्या कर खात्याकडे फॉर्म 3520 भरावा लागतो. कर शून्य, पण विसरलं की दंड जबर, रकमेच्या 25 टक्क्यांपर्यंत जातो. आई आणि बाबा वेगवेगळे धरून सुटका होत नाही, दोघांची बेरीज करतात. आणि बाबांच्या खात्यावर तुझं नाव जोडलेलं असेल तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची इथल्या सरकारला द्यायची माहिती. त्याची मर्यादा 10 हजार डॉलरच आहे, आणि दीड कोटी त्या खात्यात एक दिवस जरी राहिले तरी तू त्यात आलास.

---

प्रेषक: औसेकर, फ्रेमॉन्ट

ताई, नाव जोडलेलं आहे. 2016 ला आजोबांच्या आजारपणात जोडलं होतं. एफबार आजवर भरलेला नाही, खात्यात तेवढे पैसे कधी नव्हते.

नांदेडकर दादा, तुमचं पत्र बायकोला वाचून दाखवलं. रात्री बाबांना फोन केला आणि तुम्ही सांगितलं तसं विचारलं. आई मागून म्हणाली, "एवढा इचार कशाला करायलास, घेऊन टाक की." बाबा काही बोलले नाहीत. म्हणाले, "लिहून कळवतो." ते मागच्या उन्हाळ्यात इथे होते तेव्हापासून यादीवर आहेत, तुम्हा सर्वांच्या मेल वाचतात. ते इथेच लिहितील.

---

प्रेषक: औसेकर गुरुजी, लातूर

सर्वांस सप्रेम नमस्कार.

मुलाने विचारलं की रान गेल्यावर दिवसभर काय करणार. नांदेडकरांच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांची किल्ली मला कळली.

आमचं मूळ गाव किल्लारीजवळ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमचं माळवदाचं घर पडलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. त्याला ढेलजेतून ओढून काढलं. माझी आई आत राहिली. रानाला काही झालं नाही. पंधरा दिवसांनी उभी तूर बघायला गेलो तर ती फुलावर आली होती. त्या वेळी मी ठरवलं होतं की जमीन विकायची नाही. पण पोराला चांगलं, पक्कं घर व्हावं हेही मी तेव्हाच ठरवलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत.

लातूरजवळचं हे रान मी शिक्षक असताना 1999 ला घेतलं. वडिलोपार्जित नाही, त्यामुळे माझ्या बहिणींच्या सह्यांचा प्रश्न येत नाही. बोअर 600 फुटांवर कोरडा गेला. 2025 च्या खरिपाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला, आडतीवर मला त्याच्या खालीच भाव मिळाला. काढणीची मजुरी वजा जाता फार उरलं नाही. गुडघ्यांमुळे मी बांधापर्यंतच जातो.

परळीकर ताईंनी विचारलेलं: रस्त्याने महापालिकेच्या हद्दीपासून साडेसात किलोमीटर आहे, पण रस्ता ओढ्याला वळसा घालून जातो. सरळ रेषेत 6 च्या आत की बाहेर, हे मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. शाळेत मुलांना नकाशा शिकवला आहे, अंदाजाने बोलणं बरं नव्हे. सोमवारी तहसीलला जाऊन अंतराच्या दाखल्याचा अर्ज देतो.

माझा निर्णय असा: दीड एकर विकतो. विहीर आणि आंब्याच्या बाजूचं एक एकर ठेवतो. दीड एकराचे 90 लाख येतील. कर आणि आमच्या दोघांच्या औषधपाण्याचं बाजूला ठेवून 60 लाख पाठवता येतील. मुलाला तेवढ्यात बसणारं घर बघावं लागेल, किंवा थांबावं लागेल. ते त्याने आणि सूनबाईंनी ठरवावं.

---

प्रेषक: परळीकर, प्लेझंटन

गुरुजी, नमस्कार. 60 लाख पाठवले तर टीसीएस 50 लाखांवर, म्हणजे 10 लाख. आणि 60 लाख म्हणजे 1 लाख डॉलरच्या खाली, त्यामुळे या वर्षात दुसरी भेट आली नाही तर फॉर्म 3520 लागणार नाही. दीड एकर वेगळं करताना पोटहिश्श्याची मोजणी करून घ्या, विहीर आणि वाट खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या. विहिरीवर जायची वाट राहून गेली म्हणून आमच्या परळीत सख्खे भाऊ कोर्टात आहेत. दाखल्यावर 'हवाई अंतर' हाच शब्द हवा. नुसतं 'अंतर' लिहिलं तर परत पाठवा.

---

प्रेषक: माजलगावकर, ट्रेसी

औसेकर, शनिवारी सकाळी दोघं जेवायला या. मेलो-रूस नसलेल्या जुन्या भागात तीन घरं विक्रीला आहेत, मी बरोबर येतो. उदगीरकर काका, तुम्हीही या.

---

प्रेषक: औसेकर, फ्रेमॉन्ट

मंगळवारची ऑफर देत नाही. एजंटला आत्ताच कळवलं. बाबांच्या खात्यावरचं माझं नाव काढायचा अर्ज आई सोमवारी बँकेत देतेय. शनिवारी ट्रेसीला येतो. वहिनींना सांगा, सूनबाई धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन येतेय.