नॅसची प्रत्येक सूचना दोनदा येते, टेस्ट मेल मात्र एकदाच

चारखणी
घरात चार डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून फाइल साठवायचा डबा) आहे. आठवडाभर त्याचा प्रत्येक मेल जोडीनं येतोय. परवा रात्री 'डिस्क २, करंट पेंडिंग सेक्टर ८' (म्हणजे डिस्कचे आठ तुकडे नीट वाचता येत नाहीत) असा मेल आला आणि मिनिटभरात पुन्हा एक. झोपेत वाटलं आठाचे सोळा झाले, धाबं दणाणलं. उघडून पाहतो तर दोन्हीत अक्षर न् अक्षर तेच.

पत्ता एकच टाकलाय. पासवर्ड पुन्हा भरला, नॅस बंद करून चालू केला. टेस्ट मेलचं बटण वीसेकदा दाबलं असेल, दर वेळी एकच मेल. म्हणजे मी बघत असलो की शहाण्यासारखा वागतो! मेल माझ्या स्वतःच्या डोमेनवर येतो.

जुनीकेबल
कमांड लाइनवरून कधी स्मार्टडी (डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्राम) लावलंय का? माझ्याकडे तोच घोळ होता: नॅसची स्वतःची सूचना वेगळी आणि मी लावून विसरलेल्या स्मार्टडीची वेगळी. तो मुळात दर ३० मिनिटांनी डिस्क तपासतो. रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या रचनेवर) नजर ठेवणारं एमडीएडीएमसुद्धा आपला मेल आपणच पाठवतं.

चारखणी
नाही लावलं. आणि दोन प्रोग्राम असते तर मजकुरात कुठेतरी फरक पडला असता ना?

टपालवाला
बरोबर. अंदाज पुरे, हेडर (मेलसोबतची त्याच्या प्रवासाची नोंद) बघा. दोन्ही मेल मूळ स्वरूपात उघडा आणि मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची खास ओळखखूण) ताडून पाहा. वेगळे असतील तर बहुधा नॅसनं दोन मेल तयार केले. एकच असेल तर मेल एकच, पोचला दोनदा. मग रिसीव्ह्डच्या ओळी (वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली एक वर जोडतो) खालून वर वाचा आणि वाट कुठे फुटली ते शोधा. फॉरवर्डिंग किंवा एलियसची (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या नावाची) भानगड असेल तर वरच्या ओळी वेगळ्या निघतील. आणि हो, नॅसचा स्वतःचा लॉगही बघा. तो कुणी उघडतच नाही.

चारखणी
मेसेज-आयडी एकच. सर्वात खालची ओळ, म्हणजे माझ्या सर्व्हरनं थेट नॅसकडून मेल घेतल्याची, एकात ०२:१४:०७ आणि दुसऱ्यात ०२:१५:०९. रांगेतला क्रमांकही वेगळा. नॅसच्या लॉगमध्ये मात्र 'मेल पाठवता आला नाही, टाइमआउट' असं आहे. माझ्याकडे दोन पोचलेत आणि हा म्हणतो गेलाच नाही!

टपालवाला
सापडलं. एसएमटीपीत (मेल पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीत) मेल संपला की पाठवणारा एक टिंब पाठवतो आणि सर्व्हरच्या '२५०' उत्तराची वाट बघतो. ते उत्तर म्हणजे पोच. तुमचा सर्व्हर पोच देण्याआधी मेल तपासत बसतो आणि नॅसचा धीर साठ सेकंदांत सुटतो. पोच नाही म्हणून तो तोच मेल पुन्हा धाडतो. सर्व्हरनं पहिलाही ठेवून घेतलेला असतो.

दुखणं जुनं आहे, १९८८ च्या आरएफसी १०४७ चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे दस्तऐवज) विषयच हा. आरएफसी ५३२१ सांगतो की त्या टिंबानंतर किमान १० मिनिटं थांबा. नॅस बनवणाऱ्यांनी ते मनावर घेतलेलं दिसत नाही.

टेस्ट मेल दोन ओळींचा, झटकन तपासून होतो. खऱ्या सूचनेला काही जोडलेलं असतं का?

चारखणी
अरे देवा. आठवड्यापूर्वी मीच 'लॉग जोडा' वर टिक केलं होतं. झिप फाइल जाते.

टपालवाला
मग ती टिक काढा. लॉग हवाच असेल तर घरातल्या एखाद्या चालू मशीनवर पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा प्रोग्राम) ठेवून नॅसला त्याच्याकडे वळवा. तो लगेच पोच देतो आणि पुढच्या सर्व्हरसाठी मुळातच ६०० सेकंद थांबतो. दुसरी प्रत उडवणारा फिल्टर मात्र लावू नका, एखाद्या रात्री खरीच दुसरी सूचना त्यात जाईल.

जुनीकेबल
आणि त्या आठ सेक्टरांकडेही बघा हो! ४के डिस्कवर (जिचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो) ५१२ बाइटचे आठ म्हणजे प्रत्यक्षात एकच जागा असू शकते, पण लाँग टेस्ट (अख्ख्या डिस्कची तपासणी) लावा. बॅकअप आधी.

चारखणी
टिक काढली. बॅकअप घेऊन लाँग टेस्ट लावली. पहाटे मेल आला, एकच: रीड फेल्युअर. डिस्क बदलतोय.