रविवारी करून फ्रीजरमध्ये ठेवायचं : काय टिकतं, काय बिघडतं आणि का?

डब्याची_घाई

मंडळी, घरातून रोज तीन डबे जातात, दोन ऑफिसचे आणि एक शाळेचा. साडेसातला दार ओढून घ्यावं लागतं. रविवारी स्वयंपाकघरात सलग तीन तास मिळतात, त्यात आठवड्याची तयारी करून फ्रीजरमध्ये ठेवायची आहे. फ्रीज दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, वरचा फ्रीजर साधारण ५५ लिटर. मायक्रोवेव्ह आहे.

आतापर्यंत काय बिघडलं ते सांगते. रस्साभाजीतला बटाटा बाहेर काढल्यावर स्पंजासारखा झाला, दाबला की पाणी सुटतं. कांदा-खोबऱ्याचं वाटण डब्यात दगड होऊन बसलं, दोन चमचे हवे असले तरी सगळा डबा वितळवावा लागतो. पोळ्यांच्या कडा पापडासारख्या झाल्या. कारणासकट आणि मापासकट सांगाल का? "सगळं ठेवता येतं" असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, पण त्यावर काम होत नाही.

पाटा_वरवंटा

तयार भाजी गोठवू नका, भाजीच्या आधीचं काम गोठवा. रोज वेळ खातं ते कांदा परतणं, टोमॅटो आटवणं आणि खोबरं भाजणं. मसाला हाताशी असला की फ्लॉवर, वांगी, दुधी, मटार, काहीही १२ ते १५ मिनिटांत होतं आणि ताज्या भाजीची चव राहते.

कांदा-टोमॅटोचा मसाला असा : कांदे १ किलो, टोमॅटो १ किलो, सोललेला लसूण ५० ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, तेल अर्धी वाटी. कांदा उभा पातळ चिरून रुंद कढईत तेलावर घाला आणि वर अर्धा चमचा मीठ टाका, म्हणजे पाणी लवकर सुटतं. मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं, बदामी होईपर्यंत. मग आलं-लसणाची पेस्ट दोन मिनिटं, मग मिक्सरमधून काढलेले टोमॅटो. कडेने तेल दिसेपर्यंत आटवायचं, त्याला आणखी २० मिनिटं लागतात. इथे घाई केली तर मसाल्यात पाणी राहतं, ते बर्फ होतं आणि वितळल्यावर मसाला एकीकडे, पाणी एकीकडे. साधारण पाऊण ते एक किलो मसाला निघतो. चार माणसांच्या भाजीला १०० ग्रॅम पुरतो.

तिखट, गोडा मसाला, गरम मसाला यात घालू नका. फ्रीजरमध्ये लसूण, मिरी, लवंग यांची चव उग्र होत जाते, क्वचित कडसर लागते. कोरडे मसाले भाजी करताना तेलात घाला.

आता वाटणाचा दगड. चूक डब्याची आहे. सुकं खोबरं १५० ग्रॅम आणि कांदे अर्धा किलो भाजून घ्या, एक गड्डा लसूण, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर घालून वाटा. पाणी जेमतेम, मिक्सरचं पातं फिरेल एवढंच. हे वाटण मोठ्या झिपच्या पिशवीत भरा, पिशवी ओट्यावर आडवी ठेवा आणि लाटण्याने हलकेच पसरून बोटाच्या अर्ध्या जाडीची, साधारण १ सेंटिमीटरची चादर करा. मग पट्टीची कड किंवा उलथन्याची धार पिशवीवरूनच दाबून आडव्या-उभ्या रेघा पाडा, वड्या पाडतो तशा. ताटावर ठेवून आडवंच गोठवा. गोठलं की रेघेवर कट्‌कन मोडतं. हवी तेवढी वडी काढा, पिशवी लगेच परत आत. वडी वितळवायची गरज नाही, तशीच गरम तेलात टाका; मात्र झाकण हाताशी असू द्या, बर्फाचं पाणी तडतडतं.

मोडाची_मटकी

छोले, राजमा, हरभरा, चवळी शिजवून ठेवणं सगळ्यात फायद्याचं. अर्धा किलो कोरड्या छोल्यांचे शिजून किलोच्या वर होतात, म्हणजे चार जणांच्या दोन ते तीन वेळच्या भाज्या.

रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात मीठ घालून कुकरला लावा. नेहमीपेक्षा एक शिट्टी कमी. गोठताना दाण्यातलं पाणी फुगतं आणि नंतर पुन्हा उकळी येते, त्यात उरलेलं मऊपण येतं. आधीच पूर्ण मऊ शिजवलेत तर उसळीचं पिठलं होईल. राजम्याचा अपवाद : तो कधीही कच्चट ठेवायचा नाही. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पोट बिघडवतं आणि नीट उकळल्याशिवाय जात नाही. बोटांनी दाबल्यावर मधोमध कणी लागता कामा नये.

शिजवलेलं पाणी फेकू नका, दाणे बुडतील एवढं पाणी घालूनच गोठवा. कोरडे ठेवले तर सालं सुकतात आणि सुरकुततात.

मोड आलेली मटकी किंवा मूग कच्चे गोठवले तर मोड लिबलिबीत होतात. चाळणीत ३ ते ४ मिनिटं वाफवा, कापडावर पसरून पूर्ण गार आणि कोरडे करा, मग पिशवीत. उसळ आणि मिसळीला चालतात, कोशिंबिरीला नाही.

तूरडाळीचं साधं वरण ठेवता येतं, पण वितळल्यावर रवाळ होऊन पाणी वेगळं दिसतं. बिघडलेलं नसतं. गरम करून रवीने घोटलं की एकजीव होतं. फोडणी मात्र रोजची रोज.

तवा_गरम

पोळ्यांबद्दल. पोळी कडक होण्याचं मुख्य ठिकाण फ्रीजर नाही, खालचा फ्रीज आहे. शिजलेला स्टार्च ० ते ५ अंशांत सगळ्यात वेगाने कडक होतो. त्यामुळे पोळ्या रात्री खाली काढून ठेवल्या की सकाळी पापड. फ्रीजरमधून थेट तव्यावर, मध्ये मुक्काम नाही.

कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा, दोन वाट्या कणकेला दीड चमचा तेल घाला, अर्धा तास झाकून ठेवा. पोळी फार पातळ लाटू नका. तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजू २० ते २५ सेकंद, रंग बदलला आणि बारीक पापुद्रे उचलले की काढा, तपकिरी डाग पडू देऊ नका. जाळीवर एकेक सुटी गार करा. ताटात चळत रचली तर खालच्या पोळीला घाम सुटतो आणि तोच घाम पुढे बर्फ होऊन पोळ्या चिकटवतो. दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर, पाच-सहाची एक चळत, पिशवीतली हवा दाबून काढायची. दोन ते तीन आठवडे उत्तम राहतात.

सकाळी तवा चांगला तापवून गोठलेली पोळी टाका, १५ सेकंदांनी उलटा, मग कापडाने दाबत नेहमीसारखी भाजा. पूर्ण भाजलेली पोळी पुन्हा भाजली की दुसऱ्यांदा पाणी जातं. तुमच्या कडा त्यामुळेच वाळत असणार.

ज्वारी-बाजरीची भाकरी ठेवू नका. चिकटपणा धरून ठेवणारं ग्लुटेन त्यात नाही, घडी केली की तुकडे पडतात.

मिरगुंड

पाटा_वरवंटा यांचं बरंचसं पटतं, पण "तयार भाजी गोठवू नका" हे सरसकट नको. पावभाजीची भाजी, खिमा, बटाटा न घातलेला मटणाचा रस्सा आणि मिसळीचा कट हे पूर्ण करून ठेवले तरी छान राहतात.

बटाट्याचं कारण असं. घरचा फ्रीजर हळू गोठवतो, बर्फाचे कण मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाटतात. वितळल्यावर पाणी बाहेर, स्पंज मागे. पावभाजीत बटाटा आधीच घोटलेला आणि लोण्यात मिसळलेला असतो, त्यामुळे तिथे खपून जातो. थोडं पाणी सुटलंच तर पाच मिनिटं आटवा. काकडी, कच्चा टोमॅटो, पानकोबी यांचंही बटाट्यासारखंच होतं. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबर होतो. दही आणि नारळाचं दूध फाटतं, म्हणून ज्या रश्शात ते लागतं तो त्यांच्याशिवाय गोठवा आणि गरम करताना शेवटी घाला. पनीर भुसभुशीत होतं. गोठवलंच असेल तर गरम पाण्यात १० ते १५ मिनिटं बुडवून मग वापरा.

शाळेच्या डब्यासाठी कोथिंबीर वडी आणि अळूवडी फार कामाच्या. उंडे उकडून पूर्ण गार करा, कापा, ताटात एकमेकींना न लागतील अशा मांडून दोन-तीन तास गोठवा आणि मगच एका पिशवीत भरा. आधीच एकत्र भरल्या तर सगळ्यांची एक वीट होते. तळायला किंवा शॅलो फ्राय करायला थेट फ्रीजरमधून घ्या, वर साचलेला बर्फ झटकून, आच मध्यम. मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत गारच राहतात.

डब्याची_घाई

वाटणाच्या रेघा आजच करून बघते! दोन शंका. एक, रविवारी हे सगळं एकदम आत ठेवलं तर चालेल ना? दुसरी, आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी तीन-चार तास वीज जाते. तेव्हा आतलं सगळं फेकायचं का?

उणे_अठरा

एकदम ठेवू नका, ही चूक फार जण करतात. चोवीस तासांत दर २८ लिटर जागेला एक ते सव्वा किलो नवं अन्न, एवढाच भार घालायचा. तुमच्या ५५ लिटरला दोन-अडीच किलो. त्याहून जास्त घातलंत तर सगळंच हळू गोठतं आणि आधीच्या पाकिटांचीही थंडी जाते. कडधान्यं शनिवारी रात्री शिजवून आत टाका, मसाला आणि वाटण रविवारी. पाकिटं दोन सेंटिमीटरहून जाड नकोत, पहिल्या रात्री आडवी पसरा, गोठल्यावर पुस्तकांसारखी उभी लावा.

गरम अन्न आत नाही, पण ओट्यावर रात्रभरही नाही. ५ ते ६० अंशांत जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजल्यापासून दोन तासांच्या आत गार करून आत गेलं पाहिजे. कुकरच्या भांड्यात राजमा तासन्‌तास कोमट राहतो. परातीत ओता, परात थंड पाण्याच्या मोठ्या पातेल्यावर ठेवा, पंखा लावा, अधूनमधून हलवा. अर्ध्या तासात काम होतं. भाताला तर अजून घाई करा. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर मधूनमधून आतला बर्फ स्वतःच वितळवतो, तेव्हा तापमान थोडं वर-खाली होतं. सैल झाकणाच्या डब्यातलं अन्न त्यामुळे सुकतं आणि वर पांढरट कोरडे डाग पडतात. उपाय हवा काढणं. पिशवीची झिप बोटभर उघडी ठेवा, पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा, पाण्याचा दाब हवा बाहेर ढकलतो, तोंड पाण्यावर असतानाच बंद करा. डब्यात रस्सा असेल तर वर दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते.

विजेचं. तीन-चार तासांत दार उघडलं नाही तर भरलेल्या फ्रीजरला काही होत नाही. मोठा, गच्च भरलेला फ्रीजर बंद दाराने ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४. तुमचा लहान आहे, त्याला त्याहून कमी धरा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा, त्याही थंडी धरून ठेवतात. खूण म्हणून वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. गावाहून परतल्यावर नाणं वरच असेल तर चिंता नाही. बर्फात बुडालं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय, टाकून द्या. वीज नुकतीच आली आणि पाकिटात अजून बर्फाचे कण हाताला लागत असतील तर परत गोठवायला हरकत नाही, फक्त पोत थोडा उतरेल.

शंभर रुपयांच्या आसपास फ्रीजचा थर्मामीटर मिळाला तर घ्याच. उणे १८ दिसायला हवं. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा तिथवर जात नाही, तिथे मसाला दोन आठवड्यांत संपवा. उणे १८ ला मसाला, वाटण आणि कडधान्यं दोन ते तीन महिने चांगल्या चवीची राहतात.

वितळवायचं ते रात्री खालच्या फ्रीजमध्ये. विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात, दोन सेंटिमीटरच्या पाकिटाला अर्धा तास बास. ओट्यावर कधीच नाही. बाहेरचा थर कोमट होतो तेव्हा मधला अजून गोठलेला असतो. नंतर खळखळून उकळी आणा, कडेला बुडबुडे दिसले म्हणून गॅस बंद करू नका.

पाटा_वरवंटा

मिरगुंड यांचं मान्य, खिमा आणि कट मीही धरायला हवे होते.

नाव घालण्याचं राहिलं. पिशवी भरायच्या आधी, कोरडी असताना तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावून पेनने लिहा : काय, किती जणांचं, तारीख, मीठ घातलंय की नाही. दव धरलेल्या पिशवीवर नंतर काही चिकटत नाही. आणि कांदा-टोमॅटोचा मसाला आणि मिसळीचा कट गोठल्यावर हुबेहूब सारखे दिसतात.

डब्याची_घाई

मटार अजून स्वस्त आहेत, सोलून तसेच ठेवले तर?

मोडाची_मटकी

तसेच नको. दाण्यातली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात, महिन्या-दोन महिन्यांत रंग उतरतो आणि गवतासारखा वास येतो. अर्धा किलो दाण्यांना चार लिटर पाणी खळखळ उकळा, दाणे टाका, पुन्हा उकळी फुटली की दीड मिनिट मोजा. लगेच बर्फाच्या पाण्यात, तेवढाच वेळ. मग जुन्या सुती धोतरावर किंवा पंचावर पसरून पाण्याचा थेंबही राहणार नाही असे टिपा. पाणी कमी घेतलंत तर उकळी परत यायला उशीर होतो आणि दाणा शिजून सुरकुततो, म्हणून चार लिटरचं माप सोडू नका. एका वेळी अर्धाच किलो घ्या, पाणी तेच पुन्हा चालतं.